मासेमारी करणाऱ्या घरातील मुलांचे शिक्षण: व्यापाऱ्याची उचल न घेता जून महिन्याचा खर्च कसा भागवावा?

उजनीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी करमाळा तालुक्यात, उजनी जलाशयाच्या काठावरील एका गावात राहतो. आमचे घराणे भोई समाजाचे. पणजोबा आणि आजोबा भीमेच्या पात्रातून काहिलीत (गूळ आटवण्याच्या मोठ्या कढईत) बसवून माणसे पैलतीरी नेत आणि एरवी मासे धरीत. धरणाचे पाणी चढले तेव्हा जुने गाव बुडाले, उतारूंचा धंदा गेला आणि मासेमारी तेवढी हाती राहिली. आज वडील व मी एकाच होडीवर काम करतो. बारावीनंतर मी होडीवरच राहून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केले. धाकटी बहीण करमाळ्यात अकरावी विज्ञान शाखेत आहे व तिला बी.एस्सी. नर्सिंग करायचे आहे. सर्वांत धाकटा भाऊ आठवीत आहे. या दोघांच्या शिक्षणाबद्दल मला जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमच्या धंद्यात पैसा रोज थोडा थोडा येतो आणि शिक्षणाला तो जून-जुलैत एकदम लागतो, ही आमची मुख्य अडचण आहे. मार्च ते मे या काळात पाणी आटत जाते, मासळी खोलगट जागी गोळा होते आणि जाळ्याला बरी लागते. पण त्याच महिन्यांत लग्नसराई असते, जुनी देणी फेडायची असतात आणि फाटलेल्या जाळ्यांच्या जागी नवी घ्यायची असतात. जाळी फाटण्याचे प्रमाणही वाढले आहे, कारण अलीकडे जलाशयात सकर मासा माजला असून त्याच्या काटेरी, टणक अंगाने नायलॉनचे जाळे एका रात्रीत भोके पडून निकामी होते, आणि त्या माशाला गिऱ्हाईकही नाही. जूनमध्ये वारा सुटतो, पुढे पुण्याकडच्या धरणांतून नवे पाणी येते, मासळी पांगते, कित्येक दिवस होडी काठालाच बांधून ठेवावी लागते, आणि नेमके तेव्हाच प्रवेशाचे शुल्क, पुस्तके व खोलीचे भाडे समोर उभे राहते.

गेल्या जूनमध्ये बहिणीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी आणि खोलीच्या अनामत रकमेसाठी वडिलांनी मासळी घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून २५,००० रुपयांची उचल घेतली. या उचलीला व्याज नसते, म्हणून ती सोपी वाटते. पण तेव्हापासून आमची सगळी मासळी त्याच्याच काट्यावर जाते आणि चिलापी माशाला तो इतरांपेक्षा किलोमागे १० रुपये कमी देतो. मी वहीत मांडून पाहिले. रोजची सरासरी १२ किलो मासळी, महिन्यातले २५ दिवस धरले, तर महिन्याला ३,००० रुपये कमी मिळाले. दहा महिन्यांत ३०,००० रुपये गेले आणि मूळची २५,००० रुपयांची उचल अजून तशीच उभी आहे. वडिलांना हे आकडे दाखवले तेव्हा ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले आणि शेवटी एवढेच म्हणाले, "पण त्या दिवशी दुसरं कोण देणार होतं?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

भावाची गोष्ट वेगळी आहे. मी बाहेरगावी गेलो किंवा आजारी पडलो की तो पहाटे चार वाजता वडिलांबरोबर जाळे काढायला जातो आणि दहा वाजता वर्गात डुलक्या घेतो. त्याच्या शिक्षकांनी दोन वेळा निरोप पाठवला. तो अभ्यासात हुशार आहे, परंतु हातात रोज पन्नास-शंभर रुपये येऊ लागले की मुलाचे मन शाळेतून उठते, हे मी माझ्या चुलतभावांच्या बाबतीत पाहिले आहे.

बहिणीच्या नर्सिंगसाठी कोणती शिष्यवृत्ती मिळू शकेल, त्यासाठी आतापासून काय तयारी करावी, भावाला शाळेत टिकवण्यासाठी काही आधार आहे का, आणि उचलीच्या चक्रातून कसे बाहेर पडावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

खडू-फळा यांचा प्रतिसाद

दादा, आपण वहीत हिशेब मांडला, हे फार चांगले केले. मी करमाळा व माढा या तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर तेहतीस वर्षे शिक्षक होतो, त्यांपैकी बरीच वर्षे जलाशयाच्या काठावरच्या गावांत गेली. पाणी मागे सरले की मच्छिमारांच्या झोपड्याही पाण्यामागे सरत आणि फेब्रुवारीनंतर माझ्या पटावरची पाच-सात मुले दिसेनाशी होत. अशा मुलांना शिक्षण हमी कार्ड देऊन जवळच्या शाळेत बसवता येते. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे पालकांना ठाऊक नसते आणि खेदाने सांगावे लागते की कधी कधी शाळेलाही नसते.

आता आपल्या बहिणीविषयी. शिष्यवृत्तीची चौकशी जरूर करावी, परंतु त्याआधी जातीच्या दाखल्याची पडताळणी हाती घ्यावी, असा माझा आग्रह आहे, कारण माझ्या डोळ्यांसमोर चांगल्या गुणांची मुले केवळ या एका कागदावाचून मागे राहिली आहेत. भोई समाज भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात मोडतो. या प्रवर्गाला राज्यात २.५ टक्के आरक्षण आहे. मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र ही दोन्ही लागतात. वैधतेसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. इथेच आपल्याकडे गाडे अडते, कारण आजोबा शाळेतच गेलेले नसतात आणि मूळ गाव पाण्याखाली असते.

त्यावर उपाय आहे. गाव बुडाले तरी बहुतेक ठिकाणी गावाचे दप्तर बुडालेले नाही. जुन्या शाळेची सामान्य नोंदवही पुनर्वसित गावठाणातील शाळेत आली असण्याचा पुष्कळ संभव असतो, म्हणून पहिली फेरी तिथे मारावी. तिथे आजोबांचे, त्यांच्या भावाचे किंवा पणजोबांचे नाव सापडले नाही, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना क्रमांक १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यातील जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासण्यासाठी लेखी अर्ज करावा. माणूस शाळेत गेला नसला तरी जन्मला व वारला याची नोंद पाटील-कोतवालांनी केलेली असते, आणि त्यात पुष्कळदा जातही लिहिलेली असते. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागेल. 'भोई' हा शब्द दिसला नाही म्हणून पान उलटू नका. 'नावाडी', 'ढीवर', 'कहार' अशा नावांनीही नोंदी आढळतात आणि ही नावे त्याच प्रवर्गाच्या यादीत आहेत. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील कोणाला आधीच वैधता मिळाली असेल, तर त्या प्रमाणपत्राची प्रत व वंशावळीचे शपथपत्र जोडल्याने काम पुष्कळ सोपे होते. महाविद्यालयाचे पत्र घेऊन अकरावीतच ऑनलाइन अर्ज भरावा आणि त्याची प्रत सोलापूरच्या जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्यावी. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ सुरू करणाऱ्यांची तिथे जी गर्दी होते, ती मी पाहिली आहे.

धाकट्या भावासाठी एक गोष्ट आजच करा. आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांना ती देता येते, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी अशी चार वर्षे दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फतच जातो, म्हणून मुख्याध्यापकांना भेटून त्याचे नाव आहे याची खात्री करून घ्या. महिन्याला हजार रुपये आपल्या अभ्यासामुळे घरात येतात, हे मुलाला एकदा कळले की जाळ्याच्या पन्नास रुपयांचे आकर्षण कमी होते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत हे घडले. त्याचे वडील त्याला पहाटे उठवायला आले की त्याची आई दारात आडवी उभी राहायची.

सचिव, मच्छिमार संस्था यांचा प्रतिसाद

मी एका मच्छिमार सहकारी संस्थेचे काम पाहतो, त्यामुळे केवळ उचलीविषयी लिहितो.

आपला हिशेब बरोबर आहे, किंबहुना काही ठिकाणी परिस्थिती याहून वाईट आहे, कारण किलोमागच्या कपातीबरोबर वजनातही घट धरली जाते. व्यापाऱ्याला सरसकट दोष देणे मात्र मला योग्य वाटत नाही. मध्यरात्री जाळे वाहून गेले तर सकाळी पैसे देणारा बहुतेक वेळा तोच असतो. उचल जाळ्यासाठी घेतली तर निदान जाळ्यातून उत्पन्न येते. शुल्कासाठी घेतलेली उचल मात्र वर्षानुवर्षे फिटत नाही. म्हणून धंद्याचा खर्च आणि शिक्षणाचा खर्च यांची तोंडे वेगळी करावीत.

धंद्याच्या खर्चासाठी किसान क्रेडिट कार्ड घ्यावे. २०१८-१९ पासून ही सोय मच्छिमारांनाही लागू झाली असून वेळेवर परतफेड केल्यास व्याज नाममात्र पडते. बँकेत प्रथम "शेती कुठे आहे, सातबारा आणा" असे सांगितले जाते. अशा वेळी संस्थेचे सभासदत्व, मासेमारीचा परवाना आणि मत्स्यव्यवसाय विभागाचे पत्र घेऊन पुन्हा जावे, आणि शक्य तर चार-पाच जणांनी मिळून जावे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आहे, त्याचाही उल्लेख करावा.

शिक्षणासाठी आईच्या नावे वेगळे बचत खाते पोस्टात उघडावे. आपल्या मातोश्रींना लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळत असतील, तर ते घरखर्चात न मिसळता थेट त्या खात्यात टाकावेत. वर्षाला १८,००० रुपये होतात, म्हणजे आपल्या उचलीचा मोठा भाग तिथेच सुटतो. मार्च ते मे या तेजीच्या महिन्यांत त्यात दररोज शंभर रुपयांची भर घातली, तर उरलेली रक्कमही जमते. बचत गटाचे कर्ज हा यानंतरचा मार्ग आहे. आमच्या भागातील गट महिन्याला शेकडा एक रुपया दराने देतात आणि मुख्य म्हणजे ते कर्ज मासळीला बांधलेले नसते.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. वडिलांचा आणि आपला प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील सामूहिक अपघात विमा उतरवलेला आहे का, हे तपासा. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये मिळतात आणि सभासदाला हप्ता भरावा लागत नाही. मे २०२४ मध्ये उजनी जलाशयात कुगाव-कळाशी मार्गावर वादळात बोट उलटून माणसे दगावली, त्यानंतर आमच्या गावातील एकही होडी विम्याविना पाण्यात जाऊ नये असे आम्ही ठरवले. कर्ता माणूस गेला की त्या घरातील मुलांची शाळा त्याच वर्षी सुटते, हे मी तीन घरांत पाहिले आहे.

चंद्रभागेची लेक यांचा प्रतिसाद

दादा, तुमच्या बहिणीला माझा निरोप सांगा की तिने हा मार्ग सोडू नये. माझे वडील पंढरपूरच्या बाजूला नदीत मासे धरीत आणि आई ते डोक्यावरच्या पाटीतून विकायची. आज मी सोलापुरात एका रुग्णालयात परिचारिका आहे.

प्रवेशाच्या दिवशीची एक आठवण सांगते. आईने पदराच्या गाठीतून नोटा काढून खिडकीत दिल्या. त्या ओलसर होत्या आणि त्यांना मासळीचा वास होता. आतल्या गृहस्थांनी त्या दोन बोटांनी उचलून पंख्याखाली पसरल्या आणि सगळी रांग आमच्याकडे पाहू लागली. आईने मान खाली घातली नाही. ती म्हणाली, "मोजून घ्या, पूर्ण आहेत." वसतिगृहातही सुरुवातीचे काही महिने माझ्या शेजारची खाट रिकामी राहिली. हे मी यासाठी सांगते आहे की पैशाची आणि कागदांची तयारी करताना मुलीच्या मनाची तयारीही घरच्यांनी करून घ्यावी. आठवड्यातून एकदा तरी कोणी तिला फोन करावा आणि तो फोन केवळ खर्चाबद्दल नसावा.

आता व्यवहाराचे. तिने नर्सिंगची सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच प्रवेश घ्यावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला शिष्यवृत्ती मिळत नाही आणि "आत्ता जागा पक्की करा, शिष्यवृत्तीचे पुढे बघू" असे सांगणारे मध्यस्थ याच ठिकाणी भोळ्या पालकांना गाठतात. प्रवेश झाल्याबरोबर महाडीबीटी संकेतस्थळावर विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा आणि दर वर्षी न चुकता त्याचे नूतनीकरण करावे. माझ्या महाविद्यालयाने पात्र असतानाही सगळे शुल्क आधी भरून घेतले आणि शिष्यवृत्ती आल्यावर परत करू असे सांगितले. ते पैसे परत मिळायला दीड वर्ष लागले. पात्र विद्यार्थ्याकडून शिष्यवृत्तीतून मिळणारी रक्कम प्रवेशाच्या वेळी मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. त्यांची प्रत जवळ ठेवावी आणि नम्रपणे दाखवावी.

वसतिगृहासाठी सोलापुरातील इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात चौकशी करा. तिथे जागा मिळाली नाही, तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेसाठी अर्ज करता येतो. त्यात जेवण, निवास व निर्वाहासाठी पैसे थेट खात्यात येतात, आणि पुण्या-मुंबईसारख्या शहरात ही रक्कम वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत आहे. ती अकरावीत आहे म्हणून महाज्योती या शासकीय संस्थेच्या मोफत प्रवेश परीक्षा प्रशिक्षणाची जाहिरातही पाहावी. त्यात निवड झालेल्या मुलांना टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटा देतात, आणि खेड्यात राहून तयारी करणाऱ्या मुलीला त्याचा फार उपयोग होतो.

शेवटची सूचना लहान वाटेल, पण तिने माझे एक वर्ष खाल्ले. माझ्या आधारला वडिलांचा मोबाइल क्रमांक जोडलेला होता आणि तो मोबाइल जाळे ओढताना नदीत पडला. नवे सिम घेतले, जुना क्रमांक बंद झाला, त्यानंतर ओटीपी येईना, अर्ज पुढे सरकेना, आणि हे कशामुळे होते आहे ते कळायलाच मार्च उजाडला. तिच्या आधारला तिचा स्वतःचा क्रमांक जोडा आणि तिचे बँक खाते आधारशी संलग्न आहे का, ते बँकेत जाऊन विचारा.

तळ्याकाठी यांचा प्रतिसाद

उजनीकाठ दादांनी धाकट्या भावंडांसाठी बी.एफ.एस्सी. या मत्स्यविज्ञानाच्या चार वर्षांच्या पदवीचाही विचार करावा, असे मला वाटते. रत्नागिरीजवळ शिरगावला, तसेच उदगीरला आणि नागपूरला त्याची शासकीय महाविद्यालये आहेत, आणि उदगीर आपल्याला तुलनेने जवळ आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान घरात असलेल्या मुलांनी हा विषय शास्त्रशुद्ध शिकला, तर मत्स्यबीज केंद्र किंवा पिंजरा पद्धतीचे मत्स्यपालन ते स्वतः उभारू शकतील.

उजनीकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. आपण एवढा वेळ काढून लिहिले, हे मी रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवले. चंद्रभागेची लेक ताईंच्या आईचे वाक्य ऐकून माझी आई उठून आत गेली.

तळ्याकाठी यांची सूचना मी मनापासून मानतो, परंतु बहिणीवर ती लादणार नाही. आमच्या घरातील कोणी काय व्हावे हे आजवर नेहमी पाण्याने ठरवले आहे. तिने स्वतःहून एक गोष्ट निवडली आहे, तर तिला ती करू द्यावी. भावाला मात्र माशांची मुळातच आवड आहे. कटला आणि मृगळ यांची बोटाएवढी पिल्ले तो अंधारातही हाताने ओळखतो. बारावीपर्यंत तो विज्ञान शाखेत टिकला, तर उदगीरचा विचार नक्की करू. त्याचे नाव शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीत घालण्याबद्दल मी मुख्याध्यापकांशी बोललो आहे आणि पहाटे त्याला होडीवर न नेण्याचे वडिलांनी कबूल केले आहे. मी नसेन त्या दिवशी चुलते बरोबर जातील.

सरांनी सांगितल्याप्रमाणे पुनर्वसित गावठाणातील शाळेत जाऊन आलो. आजोबांचे नाव नोंदवहीत नाही. त्यांचे थोरले भाऊ मात्र १९४८ साली पहिलीत दाखल झालेले आढळले आणि जातीच्या रकान्यात 'भोई' असे स्पष्ट लिहिलेले आहे. पुढच्या वर्षी त्यांचे नाव 'सतत गैरहजर' असा शेरा मारून कमी केलेले आहे. त्या पानाच्या साक्षांकित प्रतीसाठी अर्ज दिला आहे. सोमवारी वंशावळीच्या शपथपत्रासाठी वडील, चुलते आणि मी करमाळ्याला जाणार आहोत, म्हणून रविवारी रात्री जाळे टाकायचे नाही असे ठरले आहे. आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ हे सख्खे भाऊ असल्याचा कागद आमच्याकडे नाही. त्यासाठी कोतवाल बुकातील दोघांच्या जन्मनोंदी पुरेशा होतील का, एवढे सरांनी सोमवारच्या आत कळवावे, ही विनंती.

खडू-फळा यांचा प्रतिसाद

दोन्ही नोंदींत वडिलांचे नाव एकच असेल, तर तो चांगला आधार धरला जातो. त्याच अर्जात दोघांचीही नावे घाला, म्हणजे दुसरी फेरी पडणार नाही. जन्माचे नेमके साल माहीत नसेल तर अंदाजाच्या सालाच्या मागची-पुढची पाच वर्षे तपासण्याची विनंती अर्जातच लिहा. सोमवारी मीही करमाळ्यात आहे. अकरा वाजता तहसील कार्यालयाच्या दारात भेटू.